मागच्या पानावरचा शेरा

चौऱ्याऐंशीव्या पानावर मला वाटलं, बघावं तरी अजून किती उरलंय. पुस्तक आवडायला लागलं की मी असं करते. जेवताना आवडीची भाजी वाटीत किती राहिली ते बघावं तसं. म्हणून मी शेवटचं पान उघडलं आणि त्याच्या पलीकडं चिकटवलेल्या अभिप्रायाच्या कागदावर मला माझं अक्षर दिसलं. वरून तिसरा अभिप्राय. निळी शाई, ओळी उजवीकडं चढत गेलेल्या. ‘कल्पना चांगली. नद्यांचे वर्णन जमलेले आहे. परंतु मुलगी शेवटी घरी परत येते, चुलीपाशी बसून जेवते, हे पटले नाही. वाचकाला खूश करण्यासाठी केलेली सोय वाटते.’ खाली सही, वि. इं. मगरे. विशाखा इंद्रजीत मगरे, म्हणजे मीच. बुधवारची दुपार होती, साडेतीन वाजले असतील, पुंडलिकनगरातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत पंखा कुरकुरत होता, आणि हे पुस्तक मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते.

आमच्या वाचनालयात एक नियम आहे. परत आणलेल्या पुस्तकावर दोन ओळींचा अभिप्राय लिहिल्याशिवाय सोमनाथ नवं पुस्तक देत नाही. सोमनाथ म्हणजे तिथला ग्रंथपाल; चाळिशीचा, थंड डोक्याचा, पण या एका बाबतीत हट्टी माणूस. प्रत्येक पुस्तकाला तो तपकिरी कापडी पुठ्ठा घालतो, त्यामुळं मुखपृष्ठ बघून पुस्तक ओळखायची सोयच राहत नाही. बाकीचे सभासद ‘छान’, ‘वाचनीय’, ‘एकदा वाचायला हरकत नाही’ असं काहीतरी खरडून मोकळे होतात. माझं तसं नाही. पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत फायलींवर शेरे लिहिले, दोन ओळींत काय बसवायचं ते मला कळतं. माझा शेरा वाचून लोक पुस्तक न्यायचं की नाही ते ठरवतात, असं सोमनाथच म्हणतो. तारीख मात्र मी टाकत नाही. नोकरीत सहीखाली तारीख घालून घालून कंटाळा आला. वाचनालय म्हणजे काही कचेरी नव्हे. आणि एक गोष्ट मी नोकरीत कधी केली नाही, ती म्हणजे फाईल न वाचता शेरा मारणं. असे शेरे मारणारे मी पाहिलेत. वरचा कागद बघायचा, ‘मान्यतेस्तव सादर’ लिहायचं आणि चहाला जायचं. मी शेवटच्या पुरवणीपर्यंत वाचायची. ‘मगरे बाईंच्या टेबलावर फाईल गेली म्हणजे आठवडा गेला’ असं माझ्या माघारी म्हणायचे. म्हणोत बापडे.

तेव्हा शेरा माझा आहे, म्हणजे पुस्तक मी वाचलेलं आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मुलगी घरी येऊन जेवायला बसेपर्यंत वाचलेलं आहे. आणि त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही. हे कळल्यावर मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग आठवलं, सोमवारी पुस्तक घेताना सोमनाथ म्हणाला होता, “मॅडम, हे तुमचं झालंय बहुतेक.” मी फटकन म्हणाले होते, “मी काय वाचलं ते मला माहीत नसेल का?” तो गप्प बसला, आणि मी पुस्तक पिशवीत घातलं. आता त्याचा तो गप्प चेहरा मला दिसायला लागला. असाच चेहरा मी केला होता, आठ वर्षांपूर्वी, आईसमोर. माझे वडील कडुबा गेल्यावर आई, मालनबाई, पिशोरहून आमच्याकडं राहायला आली. एका दुपारी जेवताना तिनं बाजारात विकलेली म्हैस दोर तोडून सहा कोस चालत परत आली ती हकीकत सांगितली. मोठ्या रंगात सांगितली. आणि चार वाजता चहाच्या वेळी तीच हकीकत, तोच रंग, तेच हातवारे. मी म्हणाले, “आई, आत्ताच सांगितलंस की.” ती लाजली नाही. तिनं माझ्याकडं संशयानं पाहिलं, जणू मीच काहीतरी लबाडी करत होते. पुढची सहा वर्षं कशी गेली ते मी इथं सांगत नाही. शेवटी शेवटी ती मला ‘बाई’ म्हणायची, परक्या बाईला म्हणतात तसं. डॉक्टरांना मी एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं, हे घराण्यात उतरतं का. ते म्हणाले, “उतरतंच असं नाही.” हे उत्तर मी दोन वर्षं सांभाळून ठेवलंय. आई गेल्यापासून कुलूप लावलं की नाही, गॅस बंद केला की नाही, असलं काही झालं की मी ते उत्तर बाहेर काढते. बुधवारी ते बाहेर काढलं तेव्हा त्यातला ‘च’ फार मोठा वाटला.

मग मी स्वतःची परीक्षा घ्यायला बसले. गेल्या वर्षभरात काय काय वाचलं? आणि त्यावर माझं मत काय? नुसतं नाव आठवून चालणार नाही, मत आठवलं पाहिजे. मत आठवलं म्हणजे पुस्तक डोक्यात आहे. पहिलं, ‘उत्तरेकडच्या खिडकीतून’. चारशे बारा पानं. एक निवृत्त प्राध्यापक खिडकीत बसून विचार करतो. त्याची बायको चहा आणते. तो विचार करतो. ती कप घेऊन जाते. समीक्षकांनी डोक्यावर घेतलेली कादंबरी, आणि मी दोनशे पानांपर्यंत दात-ओठ खात वाचली. पण दोनशे अठ्ठाविसाव्या पानावर त्याला आठवतं की वडील दाढी करताना आरशातून त्याच्याकडं बघून डोळा मारायचे, आणि ते पान मला सोडवेना. शेरा: ‘एका पानासाठी चारशे पाने. पान सोन्याचे आहे.’ आठवलं. दुसरं, ‘काळ्या डोंगराचे वारस’, भाग दोन. उडणारे सर्प, तीन गाद्या, सुरुवातीला घोंगडीएवढी वंशावळ. फँटसी वाचायला मी साठीनंतर लागले, तेही माझ्या मुलीमुळं. रूपाली पुण्याहून येताना तिची वाचून झालेली पुस्तकं इथं टाकून जाते. आधी मी नाक मुरडलं. मग कळलं की हे लिहिणारे सगळं खोटं आहे असं आधीच कबूल करून बसतात, त्यामुळं भांडण उरत नाही. तरी एक भांडण राहिलंच. या राज्यात चाळीस हजारांचं सैन्य डोंगर ओलांडतं, तीन महिने लढतं, आणि भाकरी कोण थापतं ते सहाशे पानांत कुठं नाही. शेरा: ‘सर्पांना काय खायला घालतात ते सविस्तर आहे. माणसांचे बघावे.’ आठवलं, आणि जरा धीर आला. तिसरं, ‘आठव्या मजल्यावरची तुळस’. नायिका प्रत्येक प्रकरणात रडते आणि एकदाही नाक पुसत नाही. इतकं सुंदर रडताना मी कुणाला पाहिलं नाही. चौथं त्या तरुण पोराचं, ज्याला बक्षीस मिळालं. प्रकरणं उलटीसुलटी, लेखकानं पत्ते पिसले आणि लावायला मला बसवलं. चिडून दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा कळलं की आई मेल्याची बातमी त्याला पहिल्या प्रकरणात सांगवतच नव्हती, म्हणून त्यानं तिच्याभोवती एवढे फेरे घातले. त्यावर मी लिहिलं होतं, ‘चूक माझी होती.’ एवढं सगळं आठवत होतं. अगदी पानांसकट आठवत होतं. आणि जे आठवतं ते मोजून काय उपयोग, हेही मला कळत होतं. आईलाही म्हैस आठवत होतीच. जे गेलं, ते गेल्याचं तिला कुठं कळत होतं?

पाच वाजता इंद्रजीत बाजारातून आले. एस.टी.च्या वर्कशॉपात आयुष्य काढलेला माणूस. यंत्राचा आवाज बदलला की लगेच ओळखतात, पण बायकोचा बदललेला ओळखायला जरा वेळ लागतो. मी विचारलं, “अहो, मी हल्ली एकच गोष्ट दोनदा सांगते का?”

“दोनदा?” ते मेथीची जुडी ओट्यावर ठेवत म्हणाले. “तू वीसदा सांगती. पण ते काय हल्लीचं नाय, लग्न झाल्यापासूनचं हाय.”

“मी गंमत करत नाहीये.”

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “काय झालं?”

“काही नाही.”

“आत्याचं टेन्शन घ्यायलीस का पुन्हा?” ते माझ्या आईला आत्या म्हणायचे, नात्यानं ती खरंच त्यांची लांबची आत्या होती. “तुला सांगतो, तुझं डोकं लई पक्कं हाय. माझं एकोणनव्वद सालचं बोलणं तू अजून तारखेसकट काढती.” मी हसले. हसताना वाटलं, एकोणनव्वद सालचं असणारच. जुनं शेवटी जातं. आईलाही गावची माणसं, शेतं, कोणाच्या लग्नात कोण रुसलं होतं, सगळं शेवटपर्यंत होतं. आधी गेलं ते सकाळचं.

सरळ मार्ग एकच होता: सोमनाथला फोन करायचा, त्याच्या वहीत बघायला सांगायचं, मी हे पुस्तक कधी नेलं होतं. मी फोन हातात घेतला, नाव काढलं आणि ठेवून दिला. तो म्हणाला असता ‘गेल्या दिवाळीत नेलं होतं की’, तर मी काय केलं असतं? आई गेली त्या सुमाराला मी दोनेक महिने पुस्तक उघडलंसुद्धा नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि पुस्तक छापलं होतं आई गेली त्याच वर्षी. तेव्हा वाचलं असणार ते त्यानंतरच, अलीकडंच. आणि जितकं अलीकडं, तितकं वाईट. शिवाय दुसऱ्या दिवशी गुरुवार, वाचनालयाला सुट्टी. तेव्हा मी ठरवलं की पुस्तकच शेवटपर्यंत वाचायचं. वाचलेलं असेल तर कुठंतरी ओळख पटेल; एखादं वाक्य पुढं यायच्या आधीच मला ऐकू येईल. आणि नाहीच पटली, तरी शेवट मला माझ्याच शेऱ्यानं सांगून ठेवला होता. मुलगी घरी येते, चुलीपाशी बसते, जेवते. ती घरी आली की सिद्ध झालं. मग रूपालीला फोन, मग डॉक्टर, मग त्या चाचण्या, ज्यांत घड्याळाचं चित्र काढायला सांगतात आणि आजचा वार विचारतात. आईला घड्याळ काढता आलं नव्हतं, पण तिला ते आधीही आलं नसतं. शाळेचं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं. हे मी तेव्हा चाचणी घेणाऱ्या माणसाला सांगितलं होतं. माझ्या बाबतीत असलं कारण कोण सांगणार होतं?

पुस्तकाचं नाव ‘फिरत्या नद्यांचा मुलूख’. लेखकाचं नाव मी ऐकलेलं नव्हतं. या मुलखात नद्या दिवस मावळला की पात्र सोडतात आणि उजाडता दुसरीकडून वाहायला लागतात. काल अंगण होतं तिथं आज डोह. वेणू ही मोजणीदाराची मुलगी. बाप रोज नकाशा काढतो, रोज तो खोटा ठरतो, आणि एका सकाळी नदी त्यांचं घर, बापासकट, उचलून घेऊन जाते. वेणू ते घर शोधायला निघते. इतकंच. भाषेत कुठं तलवारींचा खणखणाट नाही, शाप नाही, वंशावळ नाही. वेणूच्या पायाला भेगा पडतात, ती तेल मागते, आणि देणारी बाई आधी विचारते की तू परत देणार कधी. अशा ठिकाणी मी मान डोलावते. कधी नव्हे ती अशी फँटसी मिळाली होती की जिच्यात खोट्या मुलखातल्या माणसांना खरी भूक लागते. आणि मला ती धड आवडूही देत नव्हती. एकेक पान उलटताना मी आत कान लावून बसत होते, काही आठवतंय का म्हणून. पुलाच्या प्रसंगाशी थोडंसं वाटलं, हे मी कुठंतरी वाचलंय. मग आठवलं, पूल नव्हे, पूल बांधणाऱ्या बाईच्या हातावरचं गोंदण; तसं आईच्या हातावर होतं. त्यात पुस्तकाचा काय दोष. आणि मुख्य म्हणजे वेणू चांगली मुलगी होती, वाचणाऱ्या कुणालाही वाटेल की तिला घर सापडावं; आणि मी एकटी अशी वाचक होते, जी मनातल्या मनात तिला म्हणत होती, नको येऊस गं. कुठंही जा, घरी येऊ नकोस.

गुरुवारी सकाळी इंद्रजीत हर्सूलच्या तलावावर फिरायला निघाले तेव्हा मीही निघाले, पिशवीत पुस्तक घालून. ते चालतात, मी बाकावर बसते, हे आमचं ठरलेलं आहे. थंडी नुकती सरत होती, पाण्यावर ऊन पडलं होतं, दोन बायका कठड्याला धरून जोरजोरात हसण्याचा व्यायाम करत होत्या. अडतीस पानं उरली होती. वेणूला घराचा ठाव लागला. तीनशे दोनाव्या पानावर नदी वळली, वाळू उघडी पडली, आणि पलीकडं तिचं घर, जसंच्या तसं, दारात बापाची काठी. आलीच ती. वेणू पाण्यात पाय घालते. गुडघाभर पाणी. तीनशे चार. मग ती थांबते. तिच्या मागं, ज्या वाटेनं ती आली त्या वाटेवर, तिनं रोवलेल्या खुणेच्या काठ्या बघत बघत माणसं चालत येताहेत. ज्यांची घरं गेली ती सगळी. इतकी वर्षं बापाचे नकाशे खोटे ठरले, आणि हिच्या काठ्या मात्र नदीनं हलवल्या नव्हत्या. ती पलीकडं गेली तर पुढची काठी कोण रोवणार? वेणू घराकडं बघते. घरातला दिवा बघते. आणि पाण्यातून पाय मागं काढते, आणि वळते. शेवटचं पान. ती परत येत नाही.

मी पान उलटून बघितलं, मागं काही चिकटलंय का. उपसंहार आहे का, पुढच्या आवृत्तीची टीप आहे का. काही नव्हतं. पृष्ठांक लागोपाठ होते, एक पान फाटलेलं नव्हतं. मी परत तीनशे दोनपासून वाचलं, फाईल वाचते तसं, बोट ठेवून. ती परत येत नाही. जेवत नाही. चुलीपाशी बसत नाही. चूलच नाही त्या मुलखात. घर कधी वाहून जाईल सांगता येत नाही म्हणून तिथली माणसं लोखंडी शेगडी खांद्यावर घेऊन फिरतात, हे एकोणिसाव्या पानावरच सांगितलेलं आहे. हे पुस्तक शेवटपर्यंत वाचलेला कुठलाही माणूस तसला शेरा लिहूच शकला नसता. म्हणजे मी हे पुस्तक वाचलेलं नव्हतं. विसरले नव्हते, वाचलंच नव्हतं! मी न वाचता शेरा मारला होता. पस्तीस वर्षांत जे केलं नाही ते केलं होतं, ठोकून दिलं होतं, खाली सहीसुद्धा केली होती. मला इतका आनंद झाला की मी बाकावर बसल्या बसल्या मोठ्यानं हसले. कठड्याजवळच्या त्या दोघींना वाटलं मी त्यांच्यात सामील झाले. त्यांनी हात वर करून दाद दिली.

इंद्रजीत लगबगीनं आले. “काय झालं?”

“ती घरी आलीच नाही!”

“कोण आली नाय?”

मग मी त्यांना सगळं सांगितलं, बुधवारच्या दुपारपासूनचं. ते ऐकत ऐकत शेजारी टेकले. त्यांनी पुस्तक घेऊन मागचा शेरा वाचला, मग माझ्याकडं पाहिलं आणि शेरा पुन्हा पहिल्यापासून वाचला; म्हणजे तेही घाबरले होते, कालपासून, आणि मला दाखवलं नव्हतं. “म्हंजे तू खोटं लिहिलं,” ते शेवटी म्हणाले.

“हो ना. साफ खोटं.”

“बरं झालं बाई,” ते म्हणाले, आणि रुमालानं तोंड पुसलं. “एकदा तरी लिहिलं.”

आम्ही गाडीवर परत निघालो. माझं अंग हलकं झालं होतं. दिल्ली दरवाजापाशी आलो तेव्हा मनात आलं, ठीक आहे, खोटं लिहिलं. पण खोटं लिहायला तरी चूल कुठून आणली? शेगड्यांच्या मुलखात मी चूल कशी घातली? आणि मुलगी जेवते, हे असलं बारीक कशाला लिहिलं? खोटा शेरा मारणारा माणूस ‘शेवट पटला नाही’ एवढंच लिहितो, तपशिलात शिरत नाही. सिग्नलला गाडी थांबली. मी इंद्रजीतच्या खांद्यावर हात ठेवला होता, त्यांचा स्वेटर जुना, तपकिरी. पुस्तकाच्या पुठ्ठ्याचा रंग. आणि मला दवाखान्यातलं लोखंडी स्टूल दिसलं. त्याच्यावर तपकिरी पुठ्ठ्याचं पुस्तक, वर मोसंबीची पिशवी.

अकरा दिवस होती आई तिथं, पहिल्या मजल्यावर, खिडकीपाशी. पुस्तक मी आधीच्या आठवड्यात वाचनालयातून आणलेलं, सवयीनं पिशवीत गेलेलं. उघडून पहिलं पान पुढ्यात धरायची आणि अक्षरं नुसती दिसायची. आईनं विचारलं, “काय वाचिता, बाई?” मी नाव सांगितलं. फिरत्या नद्यांचा मुलूख. ती म्हणाली, “नद्या फिरत्यात व्हय? कुठं फिरत्यात?” आता मी ते वाचलेलं नव्हतं, आणि तिला तसं सांगून काय मिळालं असतं. मी म्हणाले, फिरतात, रोज नवीन वाटेनं. मग मी पिशोरची नदी सांगितली, जशी ती लहानपणी मला सांगायची तशी. वाळू, काठची बाभळ, पूर आला की दगडांचा आवाज. त्या नदीच्या पलीकडं एक पोरगी राहिली. वाट मोडली. पोरगी चालतेय. “मंग?” आई म्हणायची. “मंग पुढं काय झालं?” सकाळी तिला काही आठवायचं नाही, मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. अकरा दिवसांत अकरा वेळा. रोज पोरगी कुठंतरी निराळीच जायची, कधी वेरूळच्या डोंगरात, कधी ढगात, पण आई तिला एकाच ठिकाणी आणायची. “आली का घरी?” आली, आई. “चुलीपाशी बसली का? पाय गार पडले आसतील तिचे.” बसली. “जेवली का?” जेवली. मग ती डोळे मिटायची. नवव्या किंवा दहाव्या दिवशी ती मला म्हणाली, “बाई, तुमी लई चांगलं सांगता. माझी विशाखा बी अशीच वाचिती. हापिसात हाय ती. येईल आता.”

मी तिचा हात धरून बसले होते. मी म्हणाले नाही, की आई, मीच. सहा वर्षांत ते पुष्कळदा म्हणून झालं होतं. मी म्हणाले, “येईल.” ती वाट बघत होती, दाराकडं. आणि मी तिच्या उशाशी बसले होते, आणि ती माझी वाट बघत बघत गेली. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले, आणि कधीतरी एका दुपारी मी पुस्तक परत करायला गेले. सोमनाथनं रीतीप्रमाणं पेन पुढं केलं. मी रागानं लिहिलं. कुठली पोरगी घरी येते? कोण बसतं चुलीपाशी? वाचकाला खूश करण्यासाठी केलेली सोय. त्या गोष्टीला वाचक म्हणजे एकच होती, निरक्षर, आणि शेवटही तिचाच होता. त्याच्यावर मी शेरा मारला होता, आणि घरी येऊन विसरून गेले होते, नोंद केलेली फाईल विसरतात तशी. आणि ‘नद्यांचे वर्णन जमलेले आहे’ हेही होतंच की. तेवढं कौतुक मात्र मी सोडलं नव्हतं. गाडीवर मागं बसून मी रडले. नाक पुसलं, पदरानं, दोनदा. इंद्रजीतनी विचारलं, “आता काय झालं?” मी म्हणाले, “काही नाही, चांगलं आठवलं.” ते खरं होतं. दोन वर्षं मला आईचा आवाज आठवत नव्हता, फक्त शेवटचा घरघरता श्वास आठवायचा. आता तो ‘मंग?’ स्पष्ट ऐकू येत होता, पिशोरच्या हेलातला, उताविळा.

शुक्रवारी दहाला वाचनालय उघडलं तेव्हा मी दारातच होते. सोमनाथनं पुस्तक घेतलं, वही उघडली. मी म्हणाले, “सोमनाथ, हे मी आधी कधी नेलं होतं बघा बरं.” तो चपापला, सोमवारचं बोलणं त्याला आठवलं असणार. त्यानं मागची वही काढली, बोट फिरवलं. “दोन वर्षं झाली, मॅडम. तुमच्या आई गेल्या तेव्हाचं. सव्वा महिना तुमच्याकडं होतं. मी काही बोललो नाही तेव्हा.”

“तुम्ही बरोबर होतात. पण मीही बरोबर होते. मी ते वाचलं नव्हतं.”

“पण अभिप्राय?”

“तो न वाचता लिहिला.”

सोमनाथनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं शिकवणाऱ्या मास्तरांनाच कॉपी करताना धरावं. “तुम्ही, मॅडम?” मी म्हणाले, हो, मी. आणि मला जराही वाईट वाटलं नाही. त्यानं विचारलं, “मग तो खोडता का? नवीन कागद चिकटवू?” मी नको म्हणाले. शेरा खोडायचा नसतो. त्याखाली दुसरा लिहायचा असतो, हे मला कुणी शिकवायला नको. मी पेन घेतलं, उभ्या उभ्याच लिहिलं. ‘वरील शेरा या पुस्तकाबाबत नाही. पुस्तक आता पूर्ण वाचले. वेणू परत येत नाही, ते बरोबर आहे. दुसऱ्या गोष्टीत मुलगी घरी येते, चुलीपाशी बसून जेवते. तेही बरोबर आहे.’

“ती दुसरी कोणती, मॅडम?” सोमनाथ वाकून वाचत म्हणाला. “आपल्याकडं आहे का?”

“नाही,” मी म्हणाले. “ती माझ्याकडं आहे.”

मग मी सही केली, आणि खाली तारीख टाकली.